दुसऱ्याच्या नावचा विडा

दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशातल्या काळ्या लोकांना त्यांच्या जमिनीचे हक्क मिळावेत म्हणून ठाण्यातल्या आमदाराकडे पहिलं शिष्टमंडळ कुणी नेलं असेल, तर ते माझ्या आईने. दुसरं कुणी नेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. शिष्टमंडळात कोळीवाड्यातल्या चार बायका, मी आणि चिंबोऱ्यांची एक पिशवी होती. चिंबोऱ्या जिवंत होत्या आणि त्यातली एक साहेबांच्या गालिच्यावर सुटली, पण त्यामुळे कोलंबियाच्या प्रश्नाला काही बाधा आली नाही.

नावं मी कुणाचीच लिहीत नाही. ज्यांची लिहायला हवीत ते नवरात्रात टेंभी नाक्यावर अजून भेटतात आणि "काय ताई, बरं आहे ना?" म्हणून विचारतात. उगाच कशाला. आमदारांना सगळे साहेब म्हणायचे, तर मीही साहेबच म्हणते. आईला आम्ही आय म्हणतो.

आमचा कोळीवाडा ठाण्याच्या खाडीला लागून. लग्नानंतर मी कोपरला राहायला गेले, डोंबिवलीत बँकेत नोकरीला होते, पण रविवार माहेरचा. खाडीत मासळी भरपूर होती त्या काळाच्या गोष्टी मी फक्त ऐकल्यात. मी शाळेत होते तेव्हापासूनच कारखान्यांचं पाणी खाडीत येऊ लागलं आणि बोईट कापला की रॉकेलचा वास मारायचा. मग वाड्याने सुक्या मासळीचा आधार धरला. बायका बंदरावरून टेम्पोने ओला जवळा आणायच्या आणि खाडीकाठच्या खळ्यावर पसरायच्या. खळं म्हणजे मासळी सुकत घालायची मोकळी जागा, पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी चोपून, सारवून घट्ट केलेली. सकाळी पसरायचं, दुपारी उलथायचं, संध्याकाळी गोळा करायचं, आणि मधल्या वेळात कावळ्यांना शिव्या घालायच्या. माझं बी.कॉम. त्या खळ्यावरच्या जवळ्यावर झालं. भावाचं लग्नही त्यावरच झालं, पण त्याबद्दल जवळ्याला दोष देता येणार नाही.

सरकारी कागदावर ही जागा 'खाजण' म्हणून होती, म्हणजे भरतीचं पाणी चढणारी पड जमीन, मालक सरकार. आमच्या पणज्यांनी तिथे मासळी सुकत घातली याची नोंद फक्त कावळ्यांकडे असावी. ऐंशीच्या दशकात पालिकेने ठरवलं की तिथे बगिचा करायचा. त्याला शब्द होता सुशोभीकरण. आयने तो शब्द माझ्याकडून दोनदा समजून घेतला आणि मग विचारलं, शोभा नक्की कुणाला कमी पडली होती.

आमच्या वाड्याचे पाटील, म्हणजे समाजाचे पुढारी, हा प्रश्न घेऊन साहेबांकडे जाऊ लागले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना नाही म्हणता येत नसे, आणि राजकारणात हा मोठाच गुण. ते म्हणायचे, "मी हे लावून धरतो." त्यांनी आमचं खळं इतकी वर्षं लावून धरलं की धरणाऱ्याचा हात कसा दुखला नाही याचं मला नवल वाटतं. नारळी पौर्णिमेला ते न चुकता यायचे, लाल टोपी घालायचे, नारळ सोडायचे, फोटोपुरते दोन पाय नाचायचे. खळ्याचा विषय काढला की म्हणायचे, आज सणाचा दिवस, आज राजकारण नको. मग ऑफिसात गेलं की तिथे बाकावर बसून राहायचं, कारण साहेब कुठल्या तरी सणाला गेलेले असत.

शेवटी पाटलांनी साहेबांना विड्यात धरायचं ठरवलं.

शाळेत आम्हाला 'विडा उचलणे' हा वाक्प्रचार होता, वाक्यात उपयोग करा. आमच्या वाड्यात त्याचं खरोखरचं ताट होतं. समाजाचं एखादं काम अंगावर घ्यायचं असेल, पालखीची व्यवस्था असो, कुणाच्या पोरक्या मुलीचं लग्न असो, तर गावदेवीसमोर पितळेच्या ताटात पाच पानं, अख्खी सुपारी आणि हळकुंड मांडायचं. जो उचलेल, काम त्याचं. उचललेला विडा परत ठेवता येत नाही. काम पुरं झाल्याशिवाय सुटका नाही, आणि अर्धं सोडलं तर उचलणाऱ्याच्या घरी लग्नाचा मांडव पडत नाही. एका घाटावरच्या जावयाने एकदा पाहुणचार समजून तो विडा उचलला आणि वर खाल्लाही. त्याला वर्षभर पालखीचा कारभार करावा लागला. तो बिचारा त्या निमित्ताने पोहायला शिकला.

दुसरा एक नियम होता, आणि माझ्या मते तो एका जुन्या लफड्यातून आला. कुणी एक काका पुतण्यासाठी मुलगी बघायचा विडा उचलून पलीकडच्या गावाला गेला आणि परत आला तो स्वतःचं दुसरं लग्न जमवून. तेव्हापासून ठरलं, ज्याच्या नावचा विडा त्याचंच काम. त्या वाटेवर, त्या दारात, स्वतःचं गाऱ्हाणं मांडायचं नाही. एका ओटीत दोन मागण्या नाहीत.

पाटलांचा बेत सोपा होता. देवीसमोर, भरल्या वाड्यात, ताट साहेबांपुढे ठेवायचं. फोटोवाला हजर असताना साहेब काहीही उचलतात. एकदा उचललं की खळ्याचं काम त्यांच्या अंगावर, आणि साहेबांच्या मुलीचं लग्न त्याच हिवाळ्यात होतं. मांडवाची भीती आमदारालाही असते.

ज्या संध्याकाळी हे ताट मांडलं, त्याच संध्याकाळी कोलंबियाच्या बाई आल्या.

मासेमारांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने त्यांना आणलं होतं. देशोदेशीच्या किनाऱ्यावरच्या लोकांनी एकमेकांची गावं बघावीत असा काहीसा कार्यक्रम होता. बाई आयच्याच वयाच्या, उंच, काळ्याभोर, डोक्याला पिवळं फडकं गुंडाळलेलं. सोबत संस्थेची एक केरळची मुलगी. बाई स्पॅनिश बोलायच्या, मुलगी त्याचं इंग्रजी करायची, मी त्याचं आमच्या बोलीत करायचे. एवढ्या हातांतून जाऊनही बाईंचं म्हणणं ताजंच पोचायचं, कारण ते आमचंच होतं. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून सोन्याच्या खाणींवर आणलेलं. गुलामी सुटल्यावर ते लोक नद्यांच्या मुखाशी, खारफुटीच्या कडेने राहिले. बायका ओहोटीला चिखलात उतरून शिंपल्या वेचतात. राहतात, वेचतात, मरतात, पण कागदावर ती जागा सरकारची, ओसाड म्हणून. आता ते मागत होते की नदीकाठची जमीन सगळ्या गावाच्या नावाने, एकत्र, विकता न येणारी अशी द्या. त्यांच्या लोकसभेत कायद्याची बोलणी चालू होती आणि तिथले खासदार म्हणत होते, तुम्ही वेगळा समाज कुठे आहात, तुम्ही तर नुसते गरीब आहात.

हे मी सांगितलं तेव्हा आय म्हणाली, "म्हंजे यांचे पन साहेब हायत." हे मी पुढे इंग्रजीत केलं नाही. गरज पडली नाही, बाई आयच्या तोंडाकडे बघूनच हसल्या. मग दोघींनी एकमेकींच्या टाचा पाहिल्या. चिखलाने चिरलेल्या टाचा कुठेही सारख्याच.

साहेब नेहमीप्रमाणे उशिरा येणार होते. मानाच्या खुर्चीवर पाटलांनी बाईंना बसवलं, कारण पाहुणा उभा ठेवणं बरं दिसत नाही. समोर स्टुलावर ते ताट होतं. आमच्यातल्या कुणालाही ते हलवायचं सुचलं नाही, कारण ते काय आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ज्याला माहीत नाही असा माणूस समोर बसलाय, हे फक्त आमच्या ध्यानात आलं नाही.

बाईंनी देवीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि फार आदराने दोन्ही हातांनी विडा उचलून कपाळाला लावला. आमचे लोकही इतक्या रीतीने लावत नाहीत.

साहेबांसाठी आणलेला बँड थांबला. नेमके तेव्हाच साहेब आले. वाड्यात पंचवीस वर्षं ये-जा असलेल्या माणसाला ताट बघताच सगळं कळलं. आपल्यासाठी मांडलेला विडा दुसऱ्याच कुणी उचललाय म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी शांती पसरली ती मी इतर वेळी फक्त निवडणूक निकालानंतर पाहिली आहे. त्या आनंदात त्यांनी जाहीर केलं की आपल्या या सागरापारच्या भगिनींच्या लढ्याला आपला पूर्ण पाठिंबा आहे. कसला लढा हे त्यांनी नंतर मला बाजूला घेऊन विचारलं.

मग पंच बसले. वाद असा, की हा विडा धरायचा का? एक म्हातारे म्हणाले, बाई परकी आहे. दुसरे म्हणाले, परकी राहू दे, बाई आहे. आजवर कुठल्या बाईने विडा उचललाय? हे बोलणं खळ्यावर राबणाऱ्या बायकांसमोर चाललं होतं, त्यामुळे ते फार लांबलं नाही. जावयाचा दाखला निघाला. तो परका होता, अजाण होता, तरी सुटला नाही. पाटलांनी निवाडा दिला की देवी हात बघते, तोंड बघत नाही.

आता हे बाईंना सांगायचं मला आलं. मी शक्य तितकं हलकं करून सांगितलं, की चूक आमची आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बाईंनी सगळं ऐकलं, दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, उचललं आहे तर करीन. तुमच्या जागेसाठी माझ्या देशातल्या लोकांना तुमच्या राज्यकर्त्यांना लिहायला लावीन. पण मग एक ताट माझ्या लोकांसाठीही मांडा.

हे वाड्याला रास्त वाटलं. ताट मांडलं. आता उचलायला कुणी पुढे येईना. जे पुरुष दर्यावर वादळात होडी घालतात ते एकदम पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागले. कोलंबिया कुठे, आपण कुठे, तिथल्या सरकारशी भांडायला जाणार कोण? मी आयच्या मागे उभी होते. तिने पदर खोचला आणि माझ्या हातात तिची पिशवी दिली. मला कळलं आणि मी तिचा दंड धरला. ती म्हणाली, "सोर गो. तिनं आमचा उचलला, तिचा काय भुईवर ठेवाचा?"

अशा रीतीने खळ्याचं काम कोलंबियाच्या बाईंच्या अंगावर गेलं आणि कोलंबियाचं आयच्या.

आयने काम कधी उद्यावर टाकलं नाही. पुढच्याच आठवड्यात आम्ही साहेबांच्या ऑफिसात. ज्या बाकावर पाटील वर्षानुवर्षं बसले त्यावर आम्ही बूड टेकतो न टेकतो तोच आत बोलावणं आलं. कोलंबिया म्हटल्यावर पी.ए.ने भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशाकडे नजर टाकली, ती शहापूरपर्यंत फिरवली आणि परत आणली. आत चहा आला, बिस्किटं आली, फोटोवाला आला. चिंबोरी गालिच्यावर आली. साहेब एवढ्या मोकळेपणाने बोलताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, जे लोक पिढ्यान्‌पिढ्या जमीन वापरतात त्यांचाच तिच्यावर पहिला हक्क. म्हणाले, कागद म्हणजे सगळं नव्हे. म्हणाले, गरिबांना हुसकावून शोभा आणायची ही कसली विकासाची रीत? शोभा हा शब्द त्यांनी स्वतः वापरला. मी खुर्चीच्या कडेवर सरकले. तोंड उघडलं, साहेब, मग आमच्या— एवढंच झालं आणि आयने टेबलाखालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की ती जागा आठवडाभर निळी होती.

बाहेर आल्यावर मी चिडले. म्हटलं, तो स्वतःच्या तोंडाने सगळं बोलत होता, फक्त 'आणि आमचं खळं' एवढे तीन शब्द बोलायचे होते. आय म्हणाली, तिच्या नावाने दारात गेलोय. तिच्या चहात आपली साखर मागायची नाही. मी म्हटलं, तो नियम कुणा लग्नाळू काकासाठी केलेला. ती म्हणाली, नियम कुणासाठी का असेना. माझा आणि तिचा अबोला स्टेशनपर्यंत टिकला.

आम्ही साहेबांकडे अनेकदा गेलो, खासदारांकडे गेलो, एका मंत्र्याला कल्याणच्या कार्यक्रमात स्टेजमागे गाठलं. अर्ज मी लिहायचे, बँकेच्या टाइपरायटरवर, जेवणाच्या सुट्टीत. सगळीकडे तोच अनुभव. कुणाचाही कोलंबियातल्या जमिनीला विरोध नव्हता. एका कागदावर इतक्या पक्षांच्या लोकांनी सह्या केलेल्या मी परत पाहिल्या नाहीत. दुसऱ्याच्या जमिनीच्या बाबतीत लोकप्रतिनिधी फार उदार असतात. साहेबांनी तर विधानसभेत भाषण केलं. स्थानिक पेपरात छापून आलं, शीर्षक चार कॉलमी. त्या भाषणातली काही वाक्यं मी लिहिलेली होती आणि ती मी खळ्याबद्दल लिहीत होते. फक्त गावाचं नाव बदललं होतं.

कोपर-डोंबिवलीतही बातमी पोचली. आमच्या बिल्डिंगजवळच्या एका मंडळाने आयला 'जागतिक एकजूट' या विषयावर बोलायला बोलावलं. याच मंडळातल्या दोन बायका, आय सुकटीची पिशवी घेऊन माझ्याकडे आली की जिन्यात उदबत्ती लावायच्या. त्या दिवशी त्यांनी आयला गुलाबाचं फूल दिलं. आयने नदी, खारफुटी, शिंपल्या, गुलामांची नातवंडं, सगळं नीट सांगितलं, आपल्या बोलीत, न अडखळता. एकीने डोळे पुसले. शेवटी कुणीतरी विचारलं, या बायका शिंपल्या सुकवतात तेव्हा वासाचा त्रास होत नसेल का हो आजूबाजूला? आय म्हणाली, होत असंल, पन लांब हाय, तुमाला येनार नाय. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, दात आवळून.

इकडे बाईही स्वस्थ नव्हत्या. त्यांच्याकडच्या एका खासदाराने आमच्या साहेबांना पत्र पाठवलं, वर राजमुद्रा, खाली भलीमोठी सही. केरळच्या मुलीने त्याचं इंग्रजी जोडलं होतं. त्यात लिहिलं होतं की खाडीकाठच्या कोळी स्त्रियांचं खळं ही त्यांची सामूहिक मालमत्ता आहे आणि आपण तिचं रक्षण करावं. साहेबांना परदेशी संसदेचं पत्र येण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यांनी ते फ्रेम करून खुर्चीमागे लावलं. येणारा जाणारा बघायचा आणि म्हणायचा, वा साहेब. ते पत्र पुढली अनेक वर्षं तिथे होतं. माझ्या माहितीप्रमाणे ते वाचलेलं फक्त मी.

मग तो दिवस आला. केरळच्या मुलीचा बँकेत फोन आला की त्यांच्याकडे कायदा झाला. नदीकाठच्या काळ्या लोकांच्या गावांना जमिनी सामूहिक नावाने मिळणार. मी हाफ डे टाकून ठाण्याला गेले. आय खळ्यावर जवळा उलथत होती. सांगितल्यावर तिने हातातला खराटा खाली ठेवला, खाडीकडे तोंड करून हात जोडले आणि पुन्हा खराटा उचलला. वाड्यात मात्र साखर वाटली गेली. कुणालाही शंका नव्हती की हे आयने केलं. साहेबांनाही शंका नव्हती, की हे साहेबांनी केलं. खरं सांगायचं तर त्या लोकांनी स्वतः किती मोर्चे काढले, किती मार खाल्ला, याचा आम्हाला पत्ता नव्हता. पण त्या दिवशी आयचा चेहरा पाहून मलाही वाटलं, असेल, थोडं हिचंही असेल.

साहेबांनी तिचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, खाडीकाठीच मांडव. भाषणात ते म्हणाले, ज्या भगिनीने सातासमुद्रापार न्याय मिळवून दिला तिच्या सन्मानार्थ आपण इथेच, याच जागी, बगिच्यात कोळी महिलेचा पूर्णाकृती पुतळा उभारत आहोत. म्हणजे बगिचा ठरला होता. मंजूर झाला होता, ठेका दिला होता. खऱ्या कोळणींना उठवून तिथे सिमेंटची बसवणार होते आणि तिला पगार, पाणी, जागा काहीच लागणार नव्हतं. आय व्यासपीठावर होती. तिला शाल घातलेली, हातात नारळ. तिच्यासमोर माइक होता. मी खालून तिच्याकडे बघत होते, की बोल आता, तुझं काम झालंय, तू सुटलीस. ती बोलली नाही. घरी येऊन म्हणाली की खळ्याचा विडा तिच्याकडे नाही, बाईकडे आहे. बाई करील. तिच्या शब्दाआड आपण येऊ नये.

त्या वेळी मला तिचा इतका राग आला की महिनाभर मी रविवारी गेले नाही.

पुतळा आधी आला, बगिचा नंतर. पुतळ्याची साडी चुकीची नेसवलेली होती, काष्टा भलत्याच बाजूला. डोक्यावरच्या टोपलीत मासे होते ते कुठल्या खाडीतले हे आम्हाला ओळखता आलं नाही. बायका पुतळ्याच्या सावलीपासून दूर सरकून सुकत घालत राहिल्या. मग पत्र्याचं कुंपण आलं, मग लाल-पिवळ्या फरश्यांचे ढीग. जवळा बंद झाला. आय घराच्या पत्र्यावर शिडीने चढून थोडंफार सुकवायची, त्या वयात.

त्याच सुमारास एका रविवारी केरळची मुलगी आली. बाईंनी कॅसेट पाठवली होती, लिहिणं त्यांना फारसं यायचं नाही. आम्ही टेपरेकॉर्डर मधे ठेवून बसलो. आवाज बाईंचाच, पण मागे नदीचा नाही, मोटारींचा. मुलगी वाक्य ऐकून टेप थांबवायची, इंग्रजी सांगायची, मी आयला सांगायचे.

बाई सांगत होत्या की जमिनीचा कागद मिळाला. गावाने सण केला. मग काही महिन्यांनी बंदूकवाले आले. कोणते, सरकारचे की सरकारविरोधी, हे विचारायला वेळ नव्हता. एका दिवसात गाव सोडायला सांगितलं. काही माणसं मागे राहिली ती राहिलीच. आता त्या तिथल्या एका मोठ्या शहरात बहिणीच्या खोलीत असतात, फुटपाथवर तळलेले मासे विकतात. कागद त्यांच्याजवळ आहे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून उशीखाली ठेवलाय.

शेवटी त्या म्हणाल्या, "ताई, मी तुमचं पान उचललं होतं ते विसरले नाही. पण ज्या खासदाराने पत्र लिहिलं तो आता मला दारात उभा करत नाही. तुमचं काम माझ्याकडून अर्धं राहिलं. माझ्या मुलीचं लग्न ठरलंय, पण मी तारीख धरलेली नाही. मला काय करायचं ते सांगा."

टेप फिरत राहिली. त्यात नुसते हॉर्न वाजत होते. मुलीने बटण दाबलं. मला रडू फुटलं आणि ते कुणासाठी हे मला अजून नीट सांगता येत नाही. आय भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, यात आपल्याला बोलता येतं का? मुलीने कॅसेट उलटी केली, लाल बटण दाबलं, यंत्र आयपुढे सरकवलं.

आय मासळीच्या ताजेपणाबद्दल सोडलं तर आयुष्यात खोटं बोलली नव्हती. ती यंत्राच्या जवळ वाकली आणि सावकाश, बाईंना समजावं म्हणून असेल, मोठ्याने बोलू लागली.

"बाय, तुजं काम झालं. तुजं पत्र आलं नि साहेब घाबरला. खळा आमाला मिलाला. आमी बायका रोज सुकत घालतो. तू सुटलीस. पोरीचं लगीन कर."

मी हे इंग्रजीत सांगायचं, मुलीने स्पॅनिशमध्ये. मुलगी माझ्याकडे बघत होती. येताना ती खळ्याच्या कुंपणाशेजारूनच आली होती. बाहेर, भिंतीपलीकडे, काँक्रीटचा मिक्सर सकाळपासून घरघरत होता आणि तो आवाज टेपमध्ये जात होता. आयच्या ते लक्षात आलं. ती पुन्हा वाकली.

"यो आवाज येतंय ना, यो आमच्या होड्यांच्या इंजिनांचा. मानसं कामाला लागलीत," ती म्हणाली, आणि मला म्हणाली, "हे पन सांग तिला."

मी सांगितलं.